समुद्रतळाचा खसरा नंबर

दौलतराव कळंबे जमीन खोदायच्या आधी तिच्यावर टकटक करतात. परक्याच्या दारावर करावी तशी, काठीच्या मुठीने, तीनदा. मग जरा वाकून थांबतात आणि त्यानंतरच कुदळीला हात लावतात. रामाकोना गावाच्या अलीकडे त्यांची संत्र्याची छोटीशी बाग आहे. तिथलं एकेक झाड असं विचारून-सवरून लावलेलं आहे. मजूर आधी हसायचे. आता तेही टकटक करतात, कारण नाही केली तर म्हातारा खणलेला खड्डा बुजवायला लावतो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या दुकानासमोर. मध्य प्रदेशातल्या सौंसरला माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. समग्र आयडी, उत्पन्नाचा दाखला, खसऱ्याची म्हणजे तुमच्याकडच्या सातबाऱ्याची नक्कल, झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळं मिळतं. फक्त बसायला खुर्ची मी देत नाही, कारण दिली की लोक उठत नाहीत. त्या दिवशी नळाच्या पाइपासाठी रस्ता खोदायला जेसीबी आली होती. पांढरा सदरा घातलेला एक उंच म्हातारा तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, डांबरावर तीनदा काठी वाजवली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "इचारलं काय कोनाले?"

"कोनाले इचारू जी?"

"खाली असन कोनी, त त्याले."

ड्रायव्हरने दात काढले आणि जेसीबीचे दात रस्त्यात घातले. खाली टेलिफोनची केबल होती. चार दिवस माझ्या दुकानात इंटरनेट नव्हतं. पाचव्या दिवशी म्हातारा दुकानात आला, तेव्हा मी आपणहून खुर्ची पुढे केली.

"इचारलं काय कोनाले?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी मुलीचं लग्न जमल्याचे पेढे आणले तरी पेढा हातात धरून पहिला प्रश्न तोच. आणि खरं सांगते, तिथे तो जेसीबीपेक्षाही जास्त लागू पडतो. आतापर्यंत दोन बापांचे चेहरे पडलेले मी स्वतः पाहिले आहेत.

गावात त्यांना मेटकाका म्हणतात. मेट म्हणजे खदानीतल्या टोळीवरचा मुकादम. आमच्या भागात जमिनीखाली मँगनीज आहे आणि दौलतरावांनी तीसेक वर्षं ते बाहेर काढण्यात घालवली. काळा गोटा तळहातावर तोलून त्यात माल किती आणि माती किती, ते बिनचूक सांगत. नोकरी संपली, बाग लावली, आणि आता हा माणूस संत्री विकत निवांत म्हातारा होणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तेवढ्यात माझ्या दुकानात त्यांच्या हाती नागपूरचं वर्तमानपत्र पडलं.

बातमी आतल्या पानावर अर्धा कॉलम होती. समुद्राच्या तळाशी, जिथे उजेडही पोचत नाही, बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेले आहेत. मँगनीजचे, शिवाय निकेल, कोबाल्ट. एखाद्या शिंपल्याच्या तुकड्याभोवती किंवा माशाच्या दाताभोवती थर चढत चढत ते बनतात, आणि लाखो वर्षांत नखाच्या जाडीएवढे वाढतात. यंत्रं पाठवून हे गोटे खरवडून वर आणायचे, असा काही लोकांचा बेत आहे. दूरच्या एका बेटावर देशोदेशीची माणसं बसून त्याचे नियम ठरवत आहेत.

दौलतरावांनी बातमी तीनदा वाचली. "मँगनीज म्हनजे आपल्या घरचा मामला व्हय, बाई," ते म्हणाले. "फोटो काढ बरं याचा."

मी स्क्रीनवर फोटो काढला. काळे गोटे, आणि त्यांच्यात फिक्कट पांढरा, मऊ हातांचा एक जीव. ऑक्टोपसच्या जातीचा. खालची माहिती मी वाचून दाखवली : गोट्यावर दांडीसारखा एक दुसराच जीव उगवतो, त्या दांडीवर हा आपली अंडी घालतो आणि राखण करत बसतो. गोटा उचलला की दांडी नाही, अंडी नाहीत, काहीच नाही.

"म्हनजे थे घर व्हय त्याचं," दौलतराव म्हणाले. "अन याले कोनी इचारलं नाही."

तो फोटो मी लॅमिनेट करून दिला आणि माझ्या शांत आयुष्याला कुलूप लागलं.

सौंसरहून कुठल्याही बाजूचा समुद्र चांगला दिवसभराचा प्रवास आहे. दौलतराव तर नागपूरच्या पलीकडे गेलेले नाहीत. तिथला फुटाळ्याचा तलाव पाहून त्यांनी "मोठा हाय" एवढा शेरा दिला होता. पण छिंदवाड्याच्या बसमध्ये शेजारी कोण बसलंय ते न पाहता ते खिशातून फोटो काढतात आणि म्हणतात, "हे कोन व्हय, वळखा." एका वधूपित्याला वाटलं, स्थळ दाखवताहेत. दातांच्या डॉक्टरने तोंड उघडायला सांगितलं, तर यांनी आधी फोटो उघडला.

मोहगावच्या आठवडी बाजारात ते काचेची बरणी घेऊन बसतात. तळाशी नाल्यातला काळा गाळ, वर स्वच्छ पाणी. लोक जमले की चमचा घालून तळ जरासा ढवळतात. पाणी काळं होतं. "आता बसन केव्हा?" कोणीतरी विचारतं. दौलतराव म्हणतात, "थांबा." लोक थांबतात. गाळ बसत नाही. शेजारची भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "मेटकाका, तुमची बरनी निवळेपावतर माही मेथी वाळून गेली नं!" तर हे तिलाच समजावून सांगू लागले की समुद्राखाली हेच होणार आहे, फक्त बरणी मोठी आहे, आणि बाजूला जे राहतात त्यांच्या नाकातोंडात हा गाळ जाणार आहे. बाईने निमूट मेथीवर पाणी मारलं. पुढच्या आठवड्यात तीच गिऱ्हाइकांना बरणीची माहिती देत होती.

आमच्याकडे दर मंगळवारी जनसुनवाई असते. साहेब बसतात, लोक रांगेत उभे राहून आपलं गाऱ्हाणं मांडतात. दौलतरावांचा अर्ज अर्थात मीच टाइप केला. छापील नमुन्यात रकाने होते : नाव, ग्राम, पटवारी हलका, खसरा नंबर, विषय.

"ग्राम लिही, समुद्रतळ," ते म्हणाले.

"काका, समुद्रतळ हे गाव नाही."

"राह्यतेत ना तिथं? मंग गावच झालं."

मला शुद्धलेखनाचा आणि खऱ्या-खोट्याचा फार सोस आहे. मी अर्धा तास वाद घातला आणि शेवटी "समुद्रतळ" लिहिलं. टेबलावरच्या बाबूने अर्ज हातात घेतला, चष्मा वर केला.

"काका, खसरा नंबर रिकामा है."

"मोजनी नाही झाली अजून."

"तो फिर भूमिस्वामी कौन है?"

"थेच त भांडन हाय, जी!" दौलतराव इतक्या आनंदाने म्हणाले की मागची रांग हसायला लागली. बाबू भला माणूस. त्याने पावती दिली. महिन्याभराने कुठल्याशा खात्यातून दौलतरावांना फोन आला की मासे पाळायला शेतात तळं पाहिजे असेल तर योजना आहे. "माह्या मासोळ्याइले जागा हाय म्हना, फक्त थे खोदू नका," असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा रांगेत उभे राहिले.

शेवटी साहेबांनीच तोडगा सांगितला. थट्टेने की मनापासून, देव जाणे. म्हणाले, तुमच्या ग्रामसभेचा ठराव आणा, ठराव असला की कागदाला वजन येतं.

दौलतराव माझ्याकडे आले ते पेटूनच. "बाई, गावात खदान कराची त गावाले इचारा लागते. ग्रामसभा घ्या लागते. समुद्राखालच्याइले ग्रामसभाच नाही. मंग त्याइच्या तर्फे कोन्या तरी गावानं आपत्ती नोंदवा लागन का नाही? आपलं गाव नोंदवन."

"काका, मराठीत आपत्ती म्हणजे संकट. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. वाचणाऱ्याचा घोळ होईल."

"काही घोळ नाही होत. हरकत घेतली नाही त संकट येते. दोनी एकच व्हय."

यावर मी 'आपत्ती' हाच शब्द ठेवला, आणि मी माघार घेणं ही आमच्या गल्लीत बातमी होते.

तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला : गावाचा ठराव. पहिल्या ग्रामसभेत त्यांचा विषय शेवटी आला, तोवर लोक जेवायला गेले होते. दुसऱ्या वेळी कोरमच भरला नाही. पंचायतीचे सचिव म्हणाले, लोक या विषयावर बसायला तयार नाहीत. एवढी वर्षं टोळी सांभाळलेला माणूस, पण त्या दिवशी माझ्या दुकानात बसला तेव्हा त्याचे खांदे उतरले होते. "गावच नाही म्हनलं त मंग मी कोनाच्या तर्फे बोलू?" ते म्हणाले. मला वाईट वाटलं. म्हणून मी सुचवलं की पत्रक छापू, आसपासच्या सह्या गोळा करू, म्हणजे गावालाही जरा वचक बसेल. इथून पुढची चूक संपूर्ण माझी आहे.

पत्रकाचा मजकूर त्यांनी सांगितला : "समुद्राच्या तळाचे गोटे उचलू नका. ते जिथे आहेत तिथेच राहू द्या." मी मोठा, ठसठशीत टाइप निवडला. पण मथळा एका ओळीत बसेना. पहिले दोन शब्द उडवले आणि छान बसला. खाली बारीक अक्षरांत समुद्राचं सगळं होतंच की! फोटोही छापला, झेरॉक्समध्ये ऑक्टोपस गेला आणि नुसते काळे गोटे राहिले.

आणि हे पत्रक घेऊन दौलतराव पोळ्याच्या आठवड्यात पांढुर्ण्याला गेले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांवर गोटे मारतात. गोटमार म्हणतात या जत्रेला, आणि ती व्हावी की होऊ नये यावर तिथे कोणी हलक्या आवाजात बोलत नाही. त्या गावात, त्या आठवड्यात, एक अनोळखी म्हातारा भर बाजारात वाटत होता : गोटे उचलू नका!

दुपारी फोन आला. "बाई, इथं मले वीस-पंचवीस जनाइनं घेरलं हाय. कागदावरचा समुद्र कुठं गेला?"

मी दुकानाचं शटर ओढलं आणि मिळेल ती बस पकडली. वाटेत मी काय काय डोळ्यांसमोर आणलं ते सांगत नाही. पोचले तर दौलतराव चहाच्या टपरीवर मधोमध बसलेले, पुढे बरणी, भोवती वीस-पंचवीसऐवजी साठेक माणसं, आणि सगळी गाळ बसायची वाट पाहत गप्प. दंडावर जुन्या जखमेचा व्रण असलेला एक आडदांड माणूस शेवटी म्हणाला, "समुद्राचे व्हय काय? मंग आंधी सांगाचं ना जी! थे राहू द्या तिथंच. आमाले जामचे पुरतेत."

सगळ्यांनी सह्या केल्या. त्या आडदांडाने तर दोनदा केली, एक त्याच्या भावाची म्हणून. दौलतरावांनी दुसरी खोडायला लावली. "त्याले इचारलं काय?" एवढंच म्हणाले, पण त्यांचा आवाज मला नेहमीसारखा वाटला नाही. परतताना बसमध्ये ते गाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. मला वाटलं, माझ्यावर रागावले असतील.

पांढुर्ण्याचा किस्सा वाऱ्यासारखा गावोगाव गेला, आणि त्याचा फायदा असा झाला की गांधी जयंतीच्या ग्रामसभेला मेटकाकांची गंमत पाहायला अख्खं गाव आलं. बायासुद्धा आल्या. मागच्या सतरंजीवर दौलतरावांच्या पत्नी शेवंताबाईही होत्या. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. दौलतराव जगभर फोटो दाखवत फिरतात, पण या बाईने त्यावर बरं-वाईट काही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

सचिवांनी विषय वाचला. एका तरुणाने विचारलं, "काका, निकेल-कोबाल्ट नाही निघालं त गाडीची ब्याटरी कशी बनन?"

"लागते रे, मी कुठं नाही म्हनतो? मीच काढलं ना जनमभर," दौलतराव म्हणाले. "पन जे काढून वर फेकून देलं, थे उचला न आंधी. तुह्या घरी बंद पडलेले मोबाइल किती?"

तरुणाने बोटं मोजली. लोक हसले. ठराव आता सहज होणार असं मला वाटलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून किसनराव उठले. दौलतरावांच्याच टोळीत काम केलेला म्हातारा माणूस.

"मेटजी, एक सांगा. आपली टेकडी खदानीले देली, तवा अनापत्तीच्या कागदावर आमचे आंगठे कोनं घेतले? तुमीच त घरोघर फिरले. तवा नाही आठोलं हे?"

अनापत्ती म्हणजे गावाची हरकत नसल्याचा कागद. त्याशिवाय खदान वाढत नाही. ही गोष्ट मी शाळेत होते तेव्हाची.

दौलतराव उभेच होते.

"हाव," ते म्हणाले. "मीच घेतले. कोनाले नीट सांगतलं नाही, इचारलं नाही. आंगठा ठेवा म्हनलं, तुमी ठेवला. अन त्याच्यात एक आंगठा खोटा हाय. शेवंताच्या नावापुढं जो हाय ना, थो माहा व्हय. ती घरी नोती, डोहावर गेली होती. मी म्हनलं, आपलीच बायको, तिले कायले इचारा लागते."

टेकडीच्या पायथ्याशी नाल्याला एक डोह होता. खदान वाढली, टेकडीची माती कडेला टाकली, पहिल्याच पावसात ती नाल्यात उतरली आणि डोह काळ्या गाळाने भरून गेला. आज तिथे डोह होता असं सांगावं लागतं.

"बावीस वर्षं झाले," दौलतराव म्हणाले. "तिनं एक शब्द नाही काढला, अन मी बी नाही."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. शेवंताबाईंनी पदर सारखा केला, उठल्या, आणि नवऱ्याकडे न पाहता सचिवांच्या टेबलाशी गेल्या. "सचिवभाऊ, पेन द्या," म्हणाल्या. ठरावाखाली त्यांनी सही केली. अक्षर अक्षर जोडत, पूर्ण नाव, शेवंता दौलत कळंबे. फार वेळ लागला. मग त्या चपला घालून घरी निघून गेल्या.

ठराव एकमताने झाला. टाळ्याही वाजल्या. इतके महिने ज्यासाठी जीव टाकला ते मिळालं, आणि दौलतराव कोपऱ्यात सतरंज्यांच्या घड्या करत बसले होते. मी जवळ गेले आणि सतरंजीचं दुसरं टोक धरलं. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि रागही येत होता, दोन्ही एकदमच.

पुढच्या मंगळवारी ते दुकानात आले. ठराव स्कॅन करून त्या दूरच्या बेटावर मेल करायचा होता. तो झाल्यावर त्यांनी खिशातून कॅलेंडरचं एक पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांच्या अक्षरात काहीतरी भरगच्च लिहिलेलं होतं.

"हे बी टाइप कर, बाई. ठरावाले जोडाचं हाय."

"काय आहे हे?"

"डोहात कोन कोन होतं, थे. त्या दिवशी घरी गेलो अन तिले इचारलं. त भाकरी टाकता टाकता सांगाले लागली. दोन दिवस सांगत होती. मी लिहून घेतलं."

मी टाइप करायला घेतलं. मरळ. वाम, दगडाच्या कपारीत. झिंगे. खेकडे. कासव एक, पाठीला भेग असलेलं. दिवड दोन, कोणाला कधी चावल्या नाहीत. खंड्या, वाकलेल्या जांभळीवर बसायचा. बारक्या मासोळ्या, पाण्यात पाय सोडले की तळव्यांना गुदगुल्या करायच्या. त्यांचं नाव माहीत नाही. यादी पानभर चालली होती. दौलतराव पाळीवर असत, घरात दुसरं कोणी नव्हतं, मूलबाळ नव्हतं. बाईने एकेकाला कसं पाहून ठेवलं होतं ते वाचताना कळत होतं.

सगळ्यांत खाली लिहिलं होतं : शेवंता, रोज दुपारी.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "काका, हेही टाइप करायचं?"

"तिनंच सांगतलं," दौलतराव म्हणाले. "मले वाटलं गंमत करून राहिली. म्हनलं, तू कशी काय यादीत? त म्हने, मी बी तिथंच राहत होती, तुमाले कुठं ठावं हाय." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. "खाली नको ठेवू, बाई. वर घे तिले. सगळ्याइच्या वर."

मी ते नाव पहिल्या ओळीत घेतलं. मरळ दुसरी झाली.